नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी

साखर पेठेत, चार नंबरचा माग थांबला
तेव्हा त्याच्या मीटरवर हा आकडा होता.
सहा चाकांचं मीटर, एका धोट्याला एक घर पुढे,
काचेवर कुणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा ठसा.
नान्ना वाकून म्हणाले, ‘पदिहेडु.’
अजून सतरा धोटे, की सगळीकडे शून्य.
ते मोजतात तेलुगूत, भांडतात मराठीत;
बाकी मात्र दोन्हीकडे बाकीच.

भंगारवाला सोमवारी येणार होता.
रविवारी रात्री मी सुताच्या उधारीची वही उलटी केली
आणि मागच्या पानावरून भागायला बसले.

दोनने नाही, ते शेवटचा तीनच सांगतो.
आकड्यांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणून तीनने नाही.
चारने उगाच भागून पाहिलं : तीन उरले,
आमच्या नळासारखे, पाणी आलं तर चौथ्या दिवशी.
(चारने भागून तीन उरले, की तो आकडा
दोन चौरसांत वाटता येत नाही.
कसेही घाला, एखादा कोपरा उघडा पडतो.)
सातने पाच. अकराने सहा. तेराने दहा.
सतराने नऊ.
लाईट गेली. मोबाईलच्या उजेडात एकोणीस.

हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट.
पुढे जायचं कारण नाही :
हजार गुणिले हजार केलं तर आपण सतरा घरं पलीकडे पडतो.
नऊशे एक्क्याण्णवला चौसष्ट उरले.
शेवटच्या नऊशे सत्त्याण्णवला
आठ कमी पडले. फक्त आठ.
बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली.

‘नान्ना, याला कशानेच भाग जात नाही.’
‘म्हणजे?’
‘म्हणजे एवढ्या धोट्यांच्या सारख्या चादरी पाडायला गेलात
तर शेवटची तोकडीच राहणार.
सहा चाकांवर मावणारी ही शेवटची मूळ संख्या.
हिच्यापुढे शून्यापर्यंत एकही नाही.
आणि एकच धोटा जास्त पडला असता
तर अठ्ठेचाळीसने निःशेष.’
त्यांनी चहा बशीत ओतला.
‘लाईट बिलाला तरी भाग गेला का?’

बंदेनवाजची चार माणसं आली.
माग उचलताना मोठं चाक अर्धं फिरलं,
जुन्या सवयीनं, कुणी न सांगता.
खिडकीत तीन वर सरकला,
खालून चारचं टोक आलं
आणि तिथेच अडकलं.

वजन एक हजार बारा किलो.
चारने जातो, अकराने जातो, तेविसानेही जातो,
मी कुणी न विचारता सांगितलं.
बंदेनवाज हसला, नोटा मोजू लागला.
नान्ना काचेवरचा अंगठा
सदऱ्यानं पुसत होते.
तो निघत नव्हता.