भांड्यावरून

अयाकुचोच्या दप्तरखान्यात पहिल्या दिवशी
मी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं:
पास्कुआला चुकी, मक्याची दारू विकणारी,
सतराशे ऐंशीच्या आगेमागे.
एर्मेलिंदाबाईंनी चष्म्यावरून चिठ्ठी पाहिली
आणि परत सरकवली.
"नावानं शोधशील तर म्हातारी होशील, नेलिदा.
भांड्यावरून शोध."

सूचीत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पुरुष,
त्यांची शेतं, त्यांची खेचरं,
त्यांनी एकमेकांवर ठोकलेले दावे.
बाया होत्या, पण पदरगाठीत बांधल्यासारख्या:
अमक्याची विधवा, तमक्याची धाकटी,
"सदर इसमाची बायको, हजर, गप्प."
ते "गप्प" कारकुनानं मुद्दाम का टिपलं असेल
यावर माझा एक अख्खा मंगळवार गेला.

मग मी भांडी धुंडाळू लागले.
तांब्याची कढई, एक कान तुटका.
ती भेटली चोरीच्या एका फिर्यादीत,
चार वर्षांनी गहाणखतात,
मग कुणाच्या तरी हुंड्याच्या यादीत,
कान अजून तुटकाच,
आणि शेवटी अठ्ठ्याण्णवच्या पुडक्यात,
वाळवीनं कडा कातरलेल्या एका मृत्युपत्रात.
"कढई माझी. सोडवून आणली ती मी.
नवऱ्यानं लग्नात आणली ती एक टोपी."

मी मोठ्यानं हसले.
पलीकडच्या टेबलावरचे प्राध्यापक
लढायांतून मान वर काढून बघत राहिले.

पुढे येणं. दोन पानं भरून नुसतं येणं.
सुताराकडे तीन रेआल.
सुताराच्या मेव्हण्याकडे पाच, आणि एक घोंगडी.
पाद्रीबाबांकडे आठ, "मागायला गेलं की आशीर्वाद देतात."
आणि सगळ्यात खाली,
जिथं अक्षर एकाएकी बारीक होतं, शाई पातळ:
"हे लिहिणाऱ्या नोटरीकडे, चार सुरया दारूचे, दोन रेआल."

स्वतःच्या हातानं लिहावं लागलं त्याला.
खाटेवरून ती म्हणाली असेल,
"आता वाचून दाखव."

शेवटी नेहमीचं वाक्य:
सही येत नाही, सबब साक्षीदारानं केली.
पण शेजारी एक फुली आहे,
इतकी दाबून ओढलेली
की मागच्या तीन पानांवर उतरलीय.
तिसऱ्या पानावर एका जमीनदाराचा पाटाच्या पाण्याचा तंटा,
त्याच्या वेलबुट्टीदार सहीच्या ऐन पोटात
पास्कुआलाची फुली.
दिसत नाही.
बोट फिरवलं की लागते.

संध्याकाळी एर्मेलिंदाबाईंनी खण उघडला.
आत शाळकरी वह्या, अकरा,
पेन्सिलीनं आखलेल्या, डाळीचे डाग पडलेल्या.
रांजण कुठल्या पुडक्यात, कुठल्या पानावर.
शाली. डुकरं. सुईणी.
अंगठे, फुल्या.
शिव्या: ही नोंद सगळ्यांत लांब, साडेनऊ पानं,
"कोर्टात बाई शिवी देते
तेव्हाच कारकून तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवतो."
सरकारी यादीत या वह्यांना क्रमांक नाही.

मी विचारलं, तुम्हाला कुणी शोधायला आलं
शंभर वर्षांनी, तर?
त्यांनी वह्या पुन्हा रबरात अडकवल्या.
"नव्वद सालची खर्चाची फाइल.
मला वेगळं पान नाही, सामानातच बघायचं.
झाडू दोन, फिनेल एक, बाई एक."

मग खिडक्या लावल्या,
प्राध्यापकांना उठवलं,
माझ्या बोटांवरची धूळ बघून म्हणाल्या, हात धू.
किल्ल्यांचा जुडगा
त्यांच्याच कमरेला असतो.