पाचवा रकाना

उकेरेवे बेटावरच्या दवाखान्यात
भांडाराची किल्ली माझ्याकडे असते.
नोंदवहीत चार रकाने : तारीख, वस्तू, नग, कारण.
कारणाखाली एकवीस वर्षं मी दोनच शब्द लिहिले,
वापर. मोडतोड.

न्यांजिगे फेरीबोटीतून उतरली
पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन.
यंत्रं दुरुस्त करणारी बाई कशी दिसते
ते बघायला मासे वाळवणाऱ्या बायका खडकांवरून उठून आल्या.
दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी :
"लुशिंगेकाका, जुनी रबरी चप्पल आहे?"
मी म्हणालो, हा दवाखाना आहे, भंगाराचं दुकान नाही.

तिनं वाद घातला नाही.
मला नवजातांच्या खोलीत नेलं फक्त.

एक किलो दोनशे ग्रॅमचं बाळ.
पाऊल माझ्या अंगठ्याएवढं.
त्या पावलाला चिमटा लावलेला, श्वास मोजणाऱ्या यंत्राचा,
कुण्या धडधाकट माणसाच्या बोटासाठी घडवलेला.
बाळ जरा हललं की चिमटा निसटायचा,
यंत्र बोंबलायचं, सिस्टर काबुला धावायची,
बाळ मजेत.
पुन्हा धावायची, पुन्हा मजेत.
रात्रभर लांडगा आला रे आला.
मग एका रात्री यंत्र खरं बोललं
आणि कुणी उठलं नाही.

हे सांगताना काबुला भिंतीकडे बघत होती.

थोरल्याचा सदरा धाकट्याला घालतो आपण.
हरकत नाही, बाही दुमडता येते.
श्वास कसा दुमडायचा?

मी घरी जाऊन चप्पल आणली. माझीच होती, डाव्या पायाची.

चपलेचा तुकडा : कातडीवर लाल वळ. नाही.
सायकलची ट्यूब : घाम धरते. नाही.
कांगा नेसून विटलेल्या कापडाची पट्टी : बरी,
पण बाळानं ओली केली की संपलं.
जाळ्याला बांधतात तो हलका तरंगता ठोकळा,
ब्लेडनं चकत्या पाडून : जवळजवळ.
"जवळजवळ" म्हणजे नाही, काका, असं तीच म्हणाली,
आणि ठोकळ्यांसाठी पुन्हा कोळ्यांकडे गेली.

वहीत काय लिहू? वापर म्हणावं तर वापर नाही,
मोडतोड म्हणावं तर तिनं काही मोडलं नव्हतं.
पट्टी घेतली, उजवीकडच्या कोऱ्या जागेत
पेन्सिलीनं उभी रेघ मारली,
आणि वर लिहिलं : करून पाहण्यासाठी.

जिल्ह्याहून तपासनीस आले. रेघेवर बोट ठेवलं.
"हा रकाना कुणाच्या हुकुमानं?"
माझ्याच, म्हणालो. गुडघे कापत होते.
"किती वेळा पाहिलं करून?"
चौदा.
"जमलं?"
नाही, साहेब.
त्यांनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं, भलं मोठं,
आणि चहा न घेता दुपारची बोट पकडली.

पंधरावा कसा होता म्हणाल
तर मला धड सांगता येणार नाही.
चकती होती, कापडही होतं, आणि वळणाच्या जागी
तिनं स्वतःच्या कानातल्याची तार घातली होती.
त्या रात्री वीज गेली.
बॅटरीवर यंत्र चालू, बाकी काळोख,
आणि एका पावलातून आरपार तांबडा उजेड,
राखेत जपलेल्या निखाऱ्यासारखा.
बाळानं लाथा झाडल्या. उजेड हलला, सुटला नाही.
काबुला खुर्चीत बसून राहिली. पहाटेपर्यंत
यंत्र एकदाच ओरडलं.
ती धावली. आणि ते खरं होतं.
आणि ती वेळेत पोचली.

दुसऱ्या एका बाळाच्या पायावर मात्र
तोच पंधरावा बसला नाही. पाऊल आणखी बारीक होतं.

प्रश्नचिन्ह अजून वहीत आहे. मी खोडलं नाही.
आज सकाळी न्यांजिगे खिडकीशी, कान मोकळे :
"काका, छत्रीच्या काड्या?"
कशाला, हे विचारायची सवय माझी गेली.
किती, म्हणालो.