पाण्याची वही

पन्हळी पत्र्यासारखा तांबडा रस्ता,
दोनशे किलोमीटर.
भाड्याची गाडी दातावर दात आपटत निघालेली,
टपावर दोन जेरीकॅन,
मागच्या सीटवर टोमॅटो, ब्लँकेट,
आणि काल चुकलेल्या वळणावरून
अर्धवट राहिलेलं भांडण.

रोडहाउसच्या ग्लेनिसनं डिझेल भरता भरता विचारलं,
"घळीत निघालात? मग पाणी किती आहे बघून या."
एवढंच. जणू शेजारी
दूध आलंय का, ते बघून या.
बावीस वर्षं ती इथे पंप चालवते.
घळ चाळीस किलोमीटरवर.
एकदाही गेलेली नाही.
"पंप कुणाच्या भरवशावर सोडू?"
माशी वारत म्हणाली, आणि खरंच
मागे तीन डब्यांचा ट्रक हॉर्न देत उभा होता.

गाडी थांबते तिथून पाऊण तास पायी.
स्पिनिफेक्सची बोचरी, गोल झुडपं,
दगडावर दगड, सगळे भट्टीतून काढल्यासारखे,
आणि मग एकाएकी भिंती.
दोन्हीकडून इतक्या वर की आभाळ
लुगड्याच्या काठाएवढं उरलं.
ऊन आत उतरतं ते भर दुपारी, थोडा वेळ,
उधारी मागायला आल्यासारखं,
आणि मान खाली घालून परत जातं.

कॉनराड रेंजर आमच्या आधी पोचलेला.
त्याच्या आज्याचा हा मुलूख, आज्याच्या आज्याचाही.
त्यानं आम्हाला काठावर थांबवलं,
आणि पाण्याकडे बघून मोठ्यानं काही बोलला.
"काय सांगितलंत?"
"हेच, की पाहुणे आलेत."
"पण वाक्य तर केवढं लांब होतं."
"बाकीचं तुमच्यासाठी नव्हतं,"
तो हसला, आणि म्हणाला, बूट काढा.

पाणी.
काळं, हाडात शिरणारं.
कुठून येतं दिसत नाही, कुठे जातही नाही.
यशोधन म्हणाला, गुडघाभर.
मी म्हटलं, मांडीभर.
एकाच पाण्यात, एकाच दगडावर,
हाताच्या अंतरावर उभे राहून
आम्ही पुन्हा भांडलो.
भिंतींनी ते शब्द घेतले
आणि परत काही दिले नाहीत.
वर कपारीत एक वॉलबी
शेपूट खाली सोडून बघत होती.

संध्याकाळी ग्लेनिसनं गल्ल्याखालून वही काढली.
तेलाचे डाग, चहाची वर्तुळं,
बावीस वर्षांचं पाणी
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावर मोजलेलं.
घोटाभर, एक जर्मन जोडपं.
कंबरभर, खाणीवरचे दोघे.
कुत्र्याच्या पोटाला लागेल इतकं.
नाही.
नाही.
(त्या वर्षी सलग सात वेळा नुसतं "नाही".)
आणि दर जुलैत एकाच हातचं अक्षर,
डेल, नाकाला.
डेल, हनुवटीला.
डेल, छातीभर.
डेल, कंबर.

"इतकं कसं आटत गेलं?" मी विचारलं.
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
"माझा नातू तो. उंच होत गेला."
मग कापडानं काउंटर पुसत, पुसलेलंच पुन्हा पुसत,
"आटलंही असेल.
मला ते वेगळं करता येत नाही."
आता तो पर्थला असतो.
तिथे समुद्र आहे, मोजावं लागत नाही.

पेन दोरीला बांधलेलं.
यशोधननं गुडघा लिहिला, मी मांडी.
खोडायचं कोणी, यावर थोडा वेळ गेला.
तिनं दोन्ही वाचलं, ओठ हलवत,
"म्हणजे आहे," म्हणाली,
आणि वही मिटली.

सुट्टे नव्हते, म्हणून एक संत्रं दिलं.
अंधारात, गाडी सुरू न करता,
यशोधन ते सोलत बसला.
वास सगळ्या गाडीभर.
मग न विचारता
मोठा अर्धा भाग माझ्याकडे आला.