दही

तुझ्लाच्या गोदीत, इस्तंबूलच्या बगलेत,
वेल्डरांना दुपारी वाडगाभर दही मिळायचं.
धूर उतरतो म्हणे त्यानं.
दुर्सुननं सत्तावीस वर्षं चाटूनपुसून खाल्लं,
आणि टाकीच्या पोटात वाकून
स्टेनलेसला शिवणी घातल्या.

आधीची भावंडं जगली नाहीत,
म्हणून आईनं नाव ठेवलेलं
दुर्सुन. म्हणजे, राहो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सिगारेट?
कधीच नाही.
मग काम?
त्यानं हात पुढे केले, ठिणग्यांचे वण दाखवायला.
त्या फिल्मकडेच बघत होत्या.

फॉर्मवर धंद्याचा रकाना दोन बोटांएवढा.
गुलिझारनं लिहिलं: जहाजं.

आता तीच भरवते.
चमचा जवळ आला की
तो डोळे मिटून घेतो, अजून,
आर्क पेटण्याआधी मिटायचा तसे.