वाळवणाचं कपाट

केर्तू, तू नवी आहेस, म्हणून सांगते.
दाराशेजारचं हे उंच कपाट
फक्त हातमोज्यांचं, टोप्यांचं, बुटांतल्या लोकरी अस्तरांचं.
खालून ऊब येते, वर जाळी आहे.
बेटावरची बावीस मुलं बर्फातून आत येतात
आणि चव्वेचाळीस हात माझ्यासमोर निथळत उभे राहतात.

पिळू नकोस काही.
पिळली की लोकर आपला आकार विसरते,
मग हात आत शिरेनासा होतो.
नुसतं उलटं करून टांग, अस्तर बाहेर.
आणि अंगठा...
अंगठा सगळ्यात शेवटी वाळतो.
त्याची वाट बघायची.

आता कारेलचं.
दर तिसऱ्या सोमवारी त्याचा बाबा नऊच्या बोटीनं जातो,
आधी मुख्य भूमीवर, तिथून फिनलंडला,
लोकांच्या घरांना छपरं घालायला.
कारेल चार वर्षांचा. खिडकीची चौकट त्याच्या हनुवटीला लागते.
काल तू त्याच्यापुढे लाकडी आगगाडी नाचवलीस,
म्हणालीस, "बोट? कुठली बोट? बघ, इंजिन आलं!"
तो हसला. तुला वाटलं, जमलं.
मग जेवताना त्यानं राईचा पाव
टेबलाखाली चुरून चुरून टाकला,
आणि झोपायच्या वेळी मीलीच्या दंडाला चावला.
लपवलेली बोट अशी बाहेर येते.

मी काय करते?
फारसं काही नाही.
गुडघे कुरकुरतात, तरी खाली बसते, त्याच्या उंचीला.
म्हणते, "गेली."
तो म्हणतो, "गेली, विर्वे."
मग आम्ही बघत राहतो,
आधी अख्खी बोट, मग नुसते दिवे,
मग एक जागा, जिथे ती आत्ता होती.
तो रडतो. नाक माझ्या बाहीला.
मी "उगी" म्हणत नाही.
"उद्या येतील बाबा" तर मुळीच नाही,
उद्या ते येणार नसतात.
कधी सात मिनिटं लागतात, कधी वीस.
एकदा सगळ्यांची लापशी गार झाली.

हे मला कुणी शिकवलं नाही. उशिरा कळलं.
माझी हेली पाच वर्षांची होती.
त्या हिवाळ्यात समुद्र नीट गोठलाच नाही,
आणि आमचं कुत्रं बर्फ फुटून खाली गेलं, तिच्यादेखत.
संध्याकाळी मी म्हटलं, "पुरे आता.
मोठ्या मुली रडत नाहीत."
शहाणी पोर. त्या क्षणी थांबली.
मी शेजारणीपाशी कौतुक केलं, बघा, कशी खंबीर!
आता टालिनला असते, सदतीस वर्षांची.
नवरा सोडून गेला त्या रात्रीही फोनवर म्हणाली,
"सगळं ठीक आहे, आई,"
त्याच आवाजात.
मी ओळखते तो आवाज.
मीच पिळला होता.

खंबीर हा शब्द मी हल्ली जपून वापरते.

गेल्या आठवड्यात मोठ्या मुलांनी
मीलीचा बर्फाचा मनोरा लाथेनं पाडला.
पायरीवर बसून तिनं भोकाड पसरलं.
मी उठणार, तेवढ्यात कारेल गेला,
शेजारी बसला. काही बोलला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "पडला."
ती म्हणाली, "पडला."
आणि दोघं त्या ढिगाकडे बघत राहिली.
हो, तोच कारेल. काल चावला तोच.
दोन्ही खरं आहे.

साडेतीन वाजले, बाहेर अंधार.
घरची माणसं येतील आता.
उघड कपाट. त्याचा डावा हातमोजा बघ,
आत्यानं विणलेला, लाल काठाचा.
अंगठा?
अजून दमट?
असू दे. तसाच दे.
उरलेला त्याच्या हातात वाळेल.