सातवी लेन

जाहिरात दोन ओळींची:
दुसरा मजला, नदीकडे खिडकी, लाकडी जमीन.
कुत्रं चालेल, सिगारेट नाही.

रोझेर विलेटने किल्ली फिरवली, म्हणाला, बूट काढा.
बाहेर उणे नऊ. पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक.
तरी काढले.
चोपन्नाव्या वर्षी भाड्याची खोली बघणाऱ्या बाईला
लाजेची चैन परवडत नाही.

जमीन मेपलची. मधाच्या रंगाची म्हणावी
तर मधाहून फिकी;
चहा सांडून वाळला की बशीत उरतो, तो रंग.
फळ्या अरुंद, एकमेकींना चिकटून,
आणि स्वयंपाकघरात, ओट्याच्या अलीकडे,
लाकडातच बसवलेले सात काळपट बाण,
सगळ्यांची टोकं फ्रिजकडे.

हे काय?
बोलिंग, तो म्हणाला. हसला नाही.
कागदाची मिल बंद पडली, त्याच्या दुसऱ्या वर्षी
खेळघरालाही कुलूप.
लिलावात बोली लावायला कुणी उभं राहिना.
मी नि माझा भाऊ, करवत घेऊन गेलो.
आत खिळेच खिळे. तीन पाती मोडली.
चेंडू आदळतो तिथे मेपल घालतात,
नुसता घरंगळतो तिथे पाइन.
म्हणून झोपायच्या खोलीत पाइन आहे.
मऊ असतं. पलंग ओढू नका.

भाडं आठशे चाळीस, अनामत तेवढीच.
कलम अकरा: खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावणे.
कलम बारा पेनाने लिहिलेलं:
बाण घासू नयेत.

घर फिरलं तेव्हा माझे वासेही फिरले होते.
जमिनीचं त्या म्हणीत काही नाही.
डेलच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता,
राखाडी, जाड.
एकवीस वर्षं तिथे कुणाचं पाऊल ऐकू आलं नाही,
येतानाही नाही
आणि जातानाही.

इथे सगळंच ऐकू येतं.
पर्लची नखं, पहाटे पाचला, दारापर्यंत आणि परत.
थंडी वाढली की फळी आखडते, कड्कन् बोलते,
मी अंधारात विचारते, कोण?
दिवसभर नगर कचेरीत कुत्र्यांचे परवाने देते मी,
नाव, जात, लस टोचल्याची तारीख.
रात्री माझ्याच पावलांची नोंद ठेवते.

फेब्रुवारीत नळ गळायला लागला.
लेव्हेक आला, सिंकखाली वाकला,
आणि तसाच राहिला, गुडघ्यावर,
पाना बाजूला, तळवा जमिनीवर.
ही सातवी, म्हणाला. हा खड्डा बघा.
आईचा आहे.
मंगळवारी बायकांचे सामने असायचे.
चेंडू सोडायची नाही ती, टाकायची,
जसा काही हातातून मेलेला उंदीर.
मग बराच वेळ तो काही बोलला नाही,
आणि नळ गळत राहिला.
बिल मात्र पूर्ण लावलं. सदुसष्ट डॉलर.

त्या रात्री मी दारात उभी राहिले,
हातात संत्रं.
दोन बोटं रुतवायला त्याला भोकं नव्हती, एवढंच.
सोडलं.
मधल्या बाणावरून गेलं, मग डावीकडे कललं
(इमारतच कललेली आहे, नदीकडे)
आणि फ्रिजखाली नाहीसं झालं.
पर्ल भुंकली. मी दुसरं घेतलं.
तिसऱ्याला खालून झाडूचा दांडा वाजला, एकदाच.
मिसेस बुशार. ब्याऐंशी वर्षांची. शिस्तीची बाई.
मी दिवा घालवला, शाळकरी पोरीसारखी.

सकाळी टपालपेटीत चिठ्ठी,
सुवासिक कागद, थरथरतं अक्षर.
वाटलं, घरमालकाला कळवणार असेल,
कलम अकरा, कलम बारा.

लिहिलं होतं: किती पडले?

अजून उत्तर दिलेलं नाही.
फ्रिजखाली तीन संत्री आहेत.
वाकून बघायला हवं.