नकोसाठी एक बोट

सकाळी पावणेसहाला, दूध तापायच्या आत
मी लिहायला बसते. अकरा वर्षं झाली.
आज स्क्रीन उघडली तर कोणीतरी येऊन गेलेलं.
चोर नव्हे. चोर निदान
कपाटं उघडी टाकून जातो.
इथे सगळं आवरून ठेवलेलं.

'जतन करा' कुठे गेलं?
वर उजवीकडे असायचं, हिरवं, वाटाण्याएवढं.
त्या जागी आता ढग आहे.
ढगाला हात लावला तर पानच गेलं,
उथळसरच्या चांभाराबद्दल काल रात्री लिहिलेलं,
अर्धंच होतं, पण होतं.
अक्षरं राखाडी झालीत,
आजारपणातून उठल्यासारखी.
आणि मधोमध एक रंगीत फुगा:
तुमच्यासाठी आम्ही नवे झालो!

माझ्यासाठी.
विचारलं असतंत तर सांगितलं असतं,
माझ्यासाठी तेवढा पंखा दुरुस्त करा.

फुग्याखाली दोन बटणं. 'ठीक आहे' आणि 'नंतर'.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
'नको' नाही.

शेजारचा अद्वैत म्हणाला, काकू, सवय होईल.
अरे, सवय होती की!

मी टायपिंग शिकवलं, एकोणतीस वर्षं,
चरईत, पिठाच्या गिरणीवर, सतरा मशिनं.
गिरणी सुरू झाली की सगळ्या कॅरेज आपोआप थरथरायच्या.
मुलींच्या हातांवर मी टॉवेल टाकायची.
बघायचं नाही. बोटाला घर माहीत पाहिजे.
मधल्या ओळीवरून हात न हलवता
'सरकार' लिहिता येतं, हा माझा ठरलेला विनोद.
'नको'साठी मात्र
उजवी तर्जनी वर उचलावी लागते.
एवढंसंच. पण उचलावी लागते.

टॉवेल काढून घेतल्यावरही
ज्या मान वर करून बसायच्या,
त्यांतली एक बाळकूमची कुंदा भोईर.
पहाटे खाडीवरून घरचं काम उरकून यायची,
हाताला कोलंबीचा वास, म्हणून सातवं मशीन,
खिडकीजवळचं.
सातव्याचा 'ह' अडकायचा.
किती जोराने मारायचा आणि कधी सोडून द्यायचा
ते तिला, आणि फक्त तिलाच, कळलेलं.

परीक्षेला बारा दिवस होते, मी रंग काढला.
मशिनं नव्याने मांडली, नंबर बदलले,
खिडकीशी माझं टेबल आलं. छान दिसत होतं, खरंच.
कुंदा आली. दारात चप्पल हातात धरून
थोडी उभी राहिली.
मी म्हटलं, तुला तिकडे दिलंय, नवं मशीन आहे,
'ह' अडकत नाही.
ती म्हणाली, चालेल, बाई.

तेवीसवर आली. तिशी लागत होती.
नव्या मशीनवर प्रत्येक 'ह' तिने
दोनदा मारला होता.

पुढच्या वर्षी ती आली नाही.
मी चौकशी केली नाही. फी भरलेली होती.

आज चहा गार झाला.
मी 'नंतर' दाबलं. उद्या तो फुगा परत येईल,
परवा येईल, मग कधीतरी
'नंतर'ही काढून घेतील.
तोवर कोऱ्या पानावर
न बघता, टॉवेलशिवाय, मी एक शब्द मारला,
तर्जनी वर उचलून.
उमटला, बारीक आणि राखाडी.

आता हा ठेवायचा कुठे,
ते बटण शोधते आहे.

आणि कुंदे, चालेल म्हणताना
तू माझ्याकडे बघितलं होतंस की खिडकीकडे,
तेवढं आठवत नाही.